गिटारची थेअरी पेटीवाल्या काकांच्या भाषेत

आपल्या इकडे गिटार शिकणाऱ्या पोट्ट्यांचं गाडं हमखास एकाच ठिकाणी अडते. यूट्यूब पाहून सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर एवढे कॉर्ड बसतात, चार-पाच गाणी वाजायला लागतात, गणपतीत मंडपात वाजवलं तं लोकं खूशही होतात, अन् मंग कोणीतरी म्हणते की बाबू आता थेअरी शिक. म्हणून थेअरीचा व्हिडीओ लावला तं पहिल्याच मिनिटाला एक गोल चक्र येते, त्याच्यावर बारा अक्षरं, शार्प, फ्लॅट, अन् समोरचा माणूस असा बोलते की जसं आपण घरी पियानो ठेवूनच बसलो आहो. गावात गिटारचे सर नाही, क्लास म्हटला तं अमरावती नाही तं नागपूर, एसटीनं जाण्या-येण्यातच दिवस जाते. मंग थेअरी आपलं काम नाही असं धरून पोट्टे परत तेच पाच कॉर्ड घासत बसतात.

पण शिकवणारा माणूस गावातच आहे, फक्त त्याच्यासमोर गिटार नाही, पेटी आहे. मोझरीचं गुरुकुंज आपल्याच भागातलं, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं गावोगावी अजून चालतात, अन् जिथं भजन मंडळ तिथं एक तरी पेटीवाले काका असतातच. तिकडे झाडीपट्टीत वडसा-गडचिरोलीकडं तं रात्रभर नाटक चालते अन् स्टेजच्या पुढंच ऑर्गन-तबलावाले बसून गाण्याला साथ करतात. या लोकांना कॉर्ड म्हणजे काय विचारलं तं कदाचित हात वर करतील, पण सारेगम, कोमल-तीव्र अन् काळी-पांढरी त्यांच्या बोटात बसलेली असते, अन् गिटारची अर्धी थेअरी तीच आहे. पेटीवरचे बारा स्वर अन् गिटारवरचे बारा फ्रेट (दांडीवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्या), हिशोब एकच.

आता हे फ्रेट. एक फ्रेट म्हणजे पेटीवरची एक पट्टी, काळी असो की पांढरी, मधली एकही न सोडता. म्हणजे पेटीवर पांढरी एकवरून काळी एकवर गेलो तं गिटारवर एक फ्रेट पुढं. पांढरी तीन अन् पांढरी चारच्या मधात काळी नसते, म्हणून तिथंही एकच फ्रेट. पांढरी सात अन् वरची पांढरी एक, तिथंही तसंच. बारा फ्रेट झाले की तोच स्वर वरच्या सप्तकात परत येते.

घरात शिलाईचा टेप असेल तं एक गंमत करून पाहा. नटपासून, म्हणजे वरच्या त्या पांढऱ्या खाचेच्या पट्टीपासून, खाली ब्रिजवर जिथं तार टेकते तिथपर्यंत मोजा. बऱ्याच गिटारवर ते पासष्ट सेंटीमीटरच्या आसपास भरते. आता नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, बरोबर अर्धं येईल. तार अर्धी केली की कंपनं दुप्पट, म्हणून मोकळी तार सा धरली तं हा वरचा सा. पाचवी तार (सगळ्यात जाड ती सहावी, तिच्या बाजूची पाचवी) मोकळी, म्हणजे न दाबता, वाजवली तं सेकंदाला ११० कंपनं, बाराव्या फ्रेटवर दाबली तं २२०. पुढं पाहा, सातव्या फ्रेटवर दाबलं तं ब्रिजकडं जवळपास दोन तृतीयांश तार शिल्लक राहते, तो प. पाचव्यावर दाबलं तं तीन चतुर्थांश, तो म. अन् फ्रेट ब्रिजकडं जाता जाता जवळ जवळ काहून येतात तेही इथंच कळते, कारण प्रत्येक फ्रेट उरलेल्या तारेचा तेवढाच हिस्सा कमी करते, अन् उरलेली तारच लहान लहान होत जाते. हे गणित पाठ करायची काहीच गरज नाही, एकदा टेप लावून डोळ्यानं पाहिलं की डोक्यात बसते.

आता अक्षरं. सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा, बी पांढरी सात. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. झालं. ही नावं जागेवरून हलत नाहीत, सा मात्र हलते, गाणारा म्हणेल तिथं सा. एवढा एक फरक डोक्यात ठेवला तं पुढचा बराच गोंधळ होतच नाही.

सगळ्या फ्रेटबोर्डची नावं पाठ करायच्या भानगडीत आत्ताच पडू नका. सहावी अन् पाचवी या दोन जाड तारा पुरतात. सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट जी, पाचवा ए, सातवा बी, आठवा सी. पाचव्या तारेवर तिसरा सी, पाचवा डी, सातवा ई, आठवा एफ. गिटारवर तीन, पाच अन् सातला ठिपके असतातच, त्याच्यावरून मोजायचं.

आता खरा माल. कोणतीही एक तार घ्या, मोकळी वाजवा अन् तिला सा म्हणा. मंग त्याच तारेवर दुसरा फ्रेट रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, नववा ध, अकरावा नी, बारावा वरचा सा. शून्य, दोन, चार, पाच, सात, नऊ, अकरा, बारा. इंग्रजी पुस्तकात ज्याला मेजर स्केल म्हणतात ते हेच, अन् भातखंड्यांनी रागांसाठी स्वरांचे जे दहा साचे म्हणजे थाट पाडले, त्यातला बिलावल थाटही हाच. मधात जे फ्रेट सुटले ते बाकीचे पाच स्वर : एक कोमल रे, तीन कोमल ग, सहा तीव्र म, आठ कोमल ध, दहा कोमल नी. बारा पूर्ण. वाजवताना तोंडानं सारेगम म्हणत वाजवा, लाजू नका, कारण बोट चुकलं तं आधी कानालाच कळते, अन् लहानपणापासून हरिपाठ ऐकलेला कान आपल्याला वाटते त्याच्यापेक्षा लय तयार असते.

आता कॉर्ड. कॉर्ड म्हणजे तीन स्वर एका वेळी, एक घ्या, एक सोडा, एक घ्या, एक सोडा, एक घ्या. सा, ग, प. हा मेजर. त्यातला ग कोमल केला की मायनर. सा अन् प जागचे हलत नाहीत, सगळा खेळ ग चा.

हे ऐकून सोडून देऊ नका, गिटार घ्या अन् ई मेजर पकडा. तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटवर जे बोट आहे, तेवढंच उचला. झाला ई मायनर. आता ए मेजर पकडा अन् दुसऱ्या तारेवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर आणा, ए मायनर. डी मेजर घ्या, पहिल्या तारेवरचं बोट दुसऱ्यावरून पहिल्यावर, डी मायनर. (बोटं बदलावी लागतात ती फक्त पकड जमावी म्हणून, स्वर एकच बदलते.) व्हिडीओवाल्यानं हे सहा वेगवेगळे आकार म्हणून शिकवले होते, अन् आपण सहा वेगवेगळे म्हणूनच घोकले. प्रत्येक जोडीत जे बोट एक फ्रेट मागं सरकलं त्याच्याखाली त्या कॉर्डचा ग होता. आता पाच-सहा तारा वाजतात अन् स्वर तीनच कसे, तं तेच तेच परत येतात. मोकळा सी पकडला तं पाचव्या तारेपासून खाली सी, ई, जी, सी, ई, म्हणजे सा, ग, प, सा, ग. पेटीवाले काका उजव्या हातानं सा-ग-प एकदम दाबून पाहतील तं त्यांनाही हाच आवाज ऐकू येईल.

मंग पुढचा प्रश्न, कोणते कॉर्ड कोणासोबत बसतात? लोकं इथं याद्या पाठ करतात अन् दोन दिवसांत विसरतात. याद्या कायले पाहिजे, सारेगमच्या प्रत्येक स्वरावर तोच एक-घ्या-एक-सोडा करत जा. सा वर : सा ग प. रे वर : रे म ध. ग वर : ग प नी. म वर : म ध सा. प वर : प नी रे. ध वर : ध सा ग. आता फक्त पहिल्या दोन स्वरांतलं अंतर मोजा. चार फ्रेट असले तं मेजर, तीन असले तं मायनर. सा ते ग, शून्यापासून चार, मेजर. रे ते म, दोनपासून पाच, तीनच झाले, मायनर. ग ते प, चारपासून सात, मायनर. म ते ध, पाच ते नऊ, मेजर. प ते नी, सात ते अकरा, मेजर. ध ते सा, नऊ ते बारा, मायनर. नी वरचा जो येते त्याच्यात प ची जागाही एक फ्रेट मागं पडते, तो विचित्र वाजते, त्याला डिमिनिश्ड म्हणतात, त्याला सध्या बाजूला ठेवा, कोणाचंच काही अडत नाही.

म्हणजे सा, म, प मेजर अन् रे, ग, ध मायनर. कुठंही सा धरा, हेच. जी ला सा म्हटलं तं जी, सी, डी मेजर अन् ए मायनर, बी मायनर, ई मायनर. पाहा, आपण सुरुवातीला जे पाच कॉर्ड घासत होतो ते सगळेच्या सगळे याच घरातले निघाले, म्हणूनच ते एकमेकांसोबत कसेही वाजवले तरी बरे वाटत होते. सा, ध, म, प अशा क्रमानं वाजवून पाहा, म्हणजे जी, ई मायनर, सी, डी, अन् वरून एखादं जुनं हिंदी गाणं गुणगुणून पाहा, लय ठिकाणी बसेल.

यातही प चा कॉर्ड वेगळा. त्याच्यात नी असते, अन् नी हा सा पासून फक्त एक फ्रेट खाली, त्यामुळं प वर गाणं थांबवलं तं कानाला चैन पडत नाही, संध्याकाळी वावरातून सोडलेली ढोरं जशी न हाकलता गोठ्याकडं वळतात तसा तो कॉर्ड सा कडं ओढते. गाण्याचं कडवं संपून धृपदावर यायची वेळ झाली की तिथं प चा कॉर्ड टाकून पाहा, दहापैकी सात-आठ वेळा बरोबर निघेल असं मी तरी म्हणीन.

आता हे मंडळात कसं वापरायचं ते, कारण खरी परीक्षा तिथं असते. जाऊन विचारायचं, काका, कोणत्या पट्टीत? काका म्हणतील काळी एक. सी शार्प ऐकून गिटारवाला घाबरते, कारण सी शार्पचे सगळे कॉर्ड बोट आडवं टाकून दाबायचे, एका भजनात मनगट गेलं. इथं कॅपो काढा. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की नट पुढं सरकवल्यासारखं होते, जेवढ्या फ्रेटवर लावला तेवढे सगळे स्वर वर. पहिल्या फ्रेटवर कॅपो अन् सी चे आकार, काळी एक तयार. पण सी च्या घरात म वर एफ येते अन् एफ नव्या माणसाला रडवते, म्हणून मी म्हणीन चौथ्या फ्रेटवर कॅपो लावा अन् ए चे आकार वाजवा : ए, डी, ई, तिन्ही मोकळे, तिन्ही सोपे. ए पासून चार फ्रेट मोजून पाहा, ए शार्प, बी, सी, सी शार्प. बरोबर.

काळी दोन आली तं पहिल्यावर कॅपो अन् डी चे आकार. पांढरी चार आली तं तिसऱ्यावर कॅपो अन् डी चेच आकार. बायांचं भजन मंडळ असलं तं पट्टी बरेचदा काळी चार, काळी पाचकडं जाते, तिथं पहिल्यावर कॅपो लावून जी चे आकार म्हणजे काळी चार, तिसऱ्यावर लावून तेच म्हणजे काळी पाच. हा तक्ता लिहून ठेवायची पण गरज नाही, सोपा आकार निवडा, त्याच्यापासून पाहिजे त्या पट्टीपर्यंत फ्रेट मोजा, तेवढ्यावर कॅपो. मोजता आलं की झालं.

एक अडचण मात्र येईल. मोबाईलच्या ट्यूनर ॲपवर हिरवा लाईट लागला, गिटार एकदम सुरात, अन् पेटीसोबत वाजवली तं बेसूर. गिटारचा दोष नाही अन् ॲपचाही नाही. ॲप वरच्या सप्तकातला ए ४४० कंपनांवर धरते, अन् मंडळाची पेटी जुनी, सुरपट्ट्या झिजलेल्या, कधी कुठं ट्यून झाली देवालाच माहीत, ती थोडी वर किंवा खाली असतेच. पेटी काही तिथं बसल्या बसल्या ट्यून होत नाही, गिटार होते. म्हणून काकांना पांढरी सहा दाबून धरायला सांगा, पाचवी तार त्याला मिळवा, अन् बाकीच्या तारा त्याच्यावरून लावा : सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे मोकळी पाचवी, पाचवीचा पाचवा म्हणजे मोकळी चौथी, चौथीचा पाचवा म्हणजे मोकळी तिसरी, तिसरीचा मात्र चौथा म्हणजे मोकळी दुसरी, अन् दुसरीचा परत पाचवा म्हणजे मोकळी पहिली. त्या मंडळात तेवढा वेळ पेटी म्हणेल तेच खरं.

याच्यावरूनच आणखी एक. गाणाऱ्या माणसाचा ग अन् गिटारचा ग थोडा वेगळा असते. सा १०० कंपनांचा धरला तं गळ्यातून येणारा गोड ग १२५ वर बसते, गिटार अन् पेटीचा १२६ वर. फ्रेट पक्के ठोकलेले, अन् कोणत्याही पट्टीत वाजलं पाहिजे म्हणून बारा भाग सारखे पाडलेले, त्यामुळं थोडी तडजोड होते. प मध्ये फरक नसल्यासारखाच आहे, १५० च्या जागी १४९.८. शास्त्रीयवाल्यांचं पेटीशी जुनं भांडण आहे, त्यात हे एक कारण, अन् दुसरं म्हणजे तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. ऑल इंडिया रेडिओनं तं १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली होती, १९७१ पर्यंत चालली ती. गिटारवर निदान तार ओढून मींड काढता येते, तेवढं आपलं बरं.

भजनात अन् रागदारीच्या गाण्यात कॉर्ड कोंबायची घाई करू नका, हे मात्र मी ठासून सांगतो. ती चाल कॉर्ड डोक्यात ठेवून बांधलेलीच नसते. चालीत एका ठिकाणी शुद्ध ग लागते, दुसऱ्या ओळीत कोमल, अन् आपण मेजर धरून बसलो तं दोन्ही ग एकमेकांच्या डोक्यावर आपटतात. मंग काय करायचं, ग काढूनच टाकायचा. फक्त सा अन् प. पाचव्या तारेवर सा धरा, चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढं प, बाकीच्या तारा बोटानं बंद. रॉकवाले यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात अन् मोठा ॲम्प लावून वाजवतात, आपण तेच हळू वाजवायचं, तानपुऱ्यासारखं खाली चालू राहते. चालीत प च लागत नसेल, मालकंससारखं काही असेल, तं सा-म धरा.

सोलो वाजवायची हौस असेल तं भूप राग घ्या. सा रे ग प ध, म्हणजे शून्य, दोन, चार, सात, नऊ. हेच मेजर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच स्वरांचं स्केल. अन् जी चा भूप ई पासून सुरू केला तं तेच पाच स्वर ई मायनर पेंटाटॉनिक होतात, गिटारवाले सगळ्यात आधी जो डबा, म्हणजे बोटांचा ठरलेला आकार, शिकवतात तो. मोकळ्या तारांवर तो असा : सहावी शून्य-तीन, पाचवी शून्य-दोन, चौथी शून्य-दोन, तिसरी शून्य-दोन, दुसरी शून्य-तीन, पहिली शून्य-तीन. डबा सगळेच वाजवतात, पण तोंडानं ध सा रे ग प म्हणत वाजवला तं कुठं थांबायचं ते कळते. जी चं गाणं असेल तं सा वर थांबा, ई मायनरचं असेल तं ध वर. नाही तं नुसती बोटं पळतात.

तालाचं लांबवत नाही, कारण ते तबलेवाल्याकडून ऐकूनच येते. केहरवा आठ मात्रांचा, तो चार-चार मोजून सरळ स्ट्रमिंगमध्ये बसते. दादरा सहाचा, तिथं तीन-तीन. दादऱ्याच्या गाण्यावर चारचं स्ट्रमिंग ओढणारे लय पाहिले, कॉर्ड सगळे बरोबर अन् गाणं लंगडं. आधी टाळी धरा, मंग तारेला हात लावा.

मोड (म्हणजे इंग्रजीतले थाटच समजा), सर्कल ऑफ फिफ्थ्स (व्हिडीओतलं ते गोल चक्र), स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर स्वर लिहायची पद्धत), हे सगळं खोटं आहे असं नाही, पण सध्या त्याच्यावाचून काही अडत नाही. ज्याला थाट कळतात त्याला मोड पुढं एका दुपारी कळतील, कारण काफी म्हणजे डोरियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, कल्याण म्हणजे लिडियन, नुसती नावं जुळवायची आहेत.

अन् ज्याची गिटार स्वस्तातली ऑनलाईन मागवलेली आहे त्यानं थेअरीवर शंका घ्यायच्या आधी गिटारवर घ्यावी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, घंटीसारखा बारीक आवाज येईल. मंग तीच तार तिथंच दाबून वाजवा. दोन्ही आवाज सारखे पाहिजे. दाबलेला वर चढत असेल तं बरेचदा तारा फ्रेटपासून लय उंच आहेत, दाबताना ताणल्या जातात अन् स्वर चढते, मंग तुम्ही कितीही बरोबर मोजा, वरचे कॉर्ड बेसूरच येतील. बाराव्या फ्रेटपाशी तार दोन-तीन मिलिमीटर वर असली तं ठीक, त्याच्यापेक्षा लय जास्त असेल तं तालुक्याच्या नाही तं जिल्ह्याच्या ठिकाणी वाद्याच्या दुकानात दाखवा, स्वतः ब्रिज घासू नका. अन् मे महिन्यात टिनाच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवू नका बाप्पा. आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जाते, लाकूड सुकून आकसते, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला लागतात, ब्रिजचा गोंद सुटते. मातीच्या घरातली आतली खोली बरी, नाही तं कव्हरमध्ये घालून पलंगाखाली, अन् बरेच दिवस वाजवणार नसाल तं तारा थोड्या ढिल्या करून.